काळ्या जीपची खांदेमळणी

आमच्याकडं बैलांची जोडी होती तोवर आम्ही गरीब होतो. जोडीतला एक बैल गेला तेव्हा त्याहून गरीब झालो. कडब्याच्या गंजीजवळ त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. एका बैलानं शेत होत नाही. शेजारच्या घरी असाच एकटा बैल होता, त्यांच्याशी अण्णांनी सावड केली, दोन घरांची मिळून एक जोडी. अण्णा म्हणजे माझे वडील. सावडीत आधी त्यांची पेरणी, मग आमची. आमची पाळी येईपर्यंत रानातली ओल उडून गेलेली असायची. अशी दोन-तीन वर्षं गेली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, अण्णा हंगामात कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, आणि मी खताच्या पोत्याचं दप्तर घेऊन शाळेत जायचे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या ढोकीच्या वस्तीत तेव्हा निम्म्या पोरांचं दप्तर तसलंच होतं.

मग एका वर्षी अण्णांनी उरलेला बैल विकला, बैलगाडी विकली आणि एक जुनी जीप आणली. तिचे आधी तीन मालक होऊन गेले होते. धाराशिवच्या एका पेंटर चाचांकडून त्यांनी ती रंगवून घेतली. खाली काळी, वर टपाला पिवळी. ढोकी, येडशी, धाराशिव अशी वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणारी, गाडी सुरू झाली. काळा रंग इतका खोल होता की अण्णा स्टँडवर उभ्या गाडीच्या दारात बघून मिशा नीट करायचे. मागं बसलेल्या बाया म्हणायच्या, "ड्रायव्हर, नवरदेव झाला असशील तर चल आता."

त्याच वर्षीच्या पोळ्याची गोष्ट आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोललेले असतात. ते कोमट पाण्यानं शेकायचे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आईनं सवयीनं शेजारणीकडून लोणी आणलं, हळद कालवली आणि वाटी हातात घेऊन अंगणात आली. तिथं बैल नव्हता. ती नुसती उभी राहिली. खुंट्याकडं बघत होती.

अण्णा जीपचं चाक धूत होते. ते म्हणाले, "हिलाच चोळ की. आता हिनंच वढायचंय."

"हिचा खांदा कुठं असतोय?" आईनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

अण्णांनी जरा विचार केला. मग बॉनेटवर काचेच्या जवळ हात ठेवला. "हितं. खाली इंजन हाय. सगळा जोर हितंच."

आईनं तिथं लोणी चोळलं. एका बाजूला चोळून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही चोळलं, जोडी असल्यासारखं. मग दोन्हींकडं बघून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी जीपला झूल घातली आणि पुढच्या बंपरवर पुरणपोळी ठेवली. ती आमच्या कुत्र्यानं खाल्ली. अण्णा म्हणाले, "पोचली. गाडी अन् कुत्रं एकाच घरचं हाय."

पुढं दरवर्षी हे चालू राहिलं. त्या जीपनं मला बारावी केलं, धाराशिवच्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, आजही छाती पुढं काढूनच सांगते. पण त्या पायरीवर चढल्या चढल्या मी एक मूर्खपणा केला.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पोळ्याला घरी आले. आई वाटी घेऊन जीपपाशी उभी. शेजारच्या दोन बाया, त्यांची लेकरं, असे पाच-सात जण बघत होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, हे काय येड्यासारखं? लोण्यानं रंग खराब होतो. धूळ चिकटते, आम्ल तयार होतं, रंग खाऊन टाकतं. आम्हाला शिकवलंय."

आम्हाला असलं काही शिकवलेलं नव्हतं. लोणी खवट होतं आणि त्यात आम्ल तयार होतं, एवढं एका धड्यात वाचलं होतं. बाकीचं मी तिथल्या तिथं जोडलं.

आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णा हसले. "शिकलीय ती. तिचं बी ऐकाया पायजे." त्यांच्या आवाजात माझं कौतुक होतं. त्या कौतुकापायी त्यांनी आईचा हात थांबवला, हे मला त्या वेळी कळलं नाही. आईनं वाटी घरात नेली. पुढच्या पोळ्याला तिनं लोणी आणलंच नाही.

त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, येडशीच्या स्टेशनसमोर गाडीत पाशिंजर बसत असताना अण्णांनी छातीला हात लावला. कोणीतरी त्यांच्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. पोचेपर्यंत ते गेले होते.

जीप परत आली आणि अंगणात भिंतीला लावली गेली. चार वर्षं ती तिथंच. आमच्या अंगणात झाड नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. वर हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते. वाळत घातलेल्या धुण्यावर, पाण्याच्या हौदात, गाडीवर, सगळीकडं बारीक काळी पिसं पडतात. ती दवानं भिजतात आणि उन्हानं पक्की होतात. दोन उन्हाळ्यांत काळी गाडी राखाडी झाली. हात फिरवला की तळवा पांढरट व्हायचा, फळा पुसल्यावर होतो तसा.

मी मधल्या काळात शिकून घेतलं, बी.एड. केलं, एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. महिन्यातून एकदा गाडी सुरू करून ठेवायचे. अण्णांनीच मला शिकवली होती चालवायला. इंजिन एका झटक्यात सुरू व्हायचं. त्या आवाजाला घरात आईच्या हातातलं काम थांबायचं, आणि इंजिन बंद केलं की परत सुरू व्हायचं. ती गाडीजवळ येत नसे. चुलीला लाकडं आणायची तरी भिंतीच्या पलीकडून वळसा घालून जायची. अण्णा गेल्यापासून ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. सास्तूरला तिचं माहेर आहे. तिथं जायचं तर एस.टी. बदलत बदलत जायचं, म्हणून तिनं माहेरी जाणंच सोडलं होतं. मामा फोन करायचे, ती म्हणायची, "बघू."

भंगारवाला मात्र नेमानं यायचा. "मावशी, देता का? पत्रा कुजायच्या आत द्या." एका चैत्रात आई त्याला म्हणाली, "पोळा झाला की ये. घिऊन जा."

मी शाळेतून आल्यावर मला कळलं. मी तडकले. "अण्णांची गाडी भंगारात? मला विचारलंस?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या साली खांदं मळलं न्हाय म्या."

एवढंच. मी तव्याकडं बघत राहिले. चार वर्षं ती हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती, आणि मी तिच्यासमोर बसून जेवत होते. त्याचा अण्णांच्या जाण्याशी काही संबंध नाही, हे मी शास्त्रानं सांगू शकत होते. पण शास्त्र सांगून मी आधी एकदा तिचं तोंड बंद केलेलं होतं.

मी ठरवलं की पोळ्यापर्यंत गाडी पुन्हा काळी करायची. रंग नवा मारायचा नाही. चाचांनी मारलेला, अण्णांनी ज्यात मिशा बघितल्या, तोच वर आणायचा. आईनं ती बघावी, तिच्यात बसावं आणि भंगारवाल्याला परत पाठवावं. मला बाकी काही नको होतं.

सुरुवातच चुकीची केली. वैशाखातला रविवार, भर दुपार. रंगाच्या दुकानातून रबिंगचा, म्हणजे रंग घासून चमकवायच्या मलमाचा, डबा आणि घासायचा पाण्याचा पेपर आणला होता. बॉनेटवर भाकरी भाजली असती इतकं ते तापलेलं. रबिंग लावलं की लगेच वाळून दगड व्हायचं. ते निघेना म्हणून पेपरनं घासलं. कापड काळं झालं, मला वाटलं मळ निघतोय. बॉनेटच्या उजव्या कडेला जोर लावला, आणि काळ्याच्या खालून तांबडं अस्तर वर आलं, बोटभर लांब.

उंबऱ्यातून आईचा आवाज आला. "चामडी काढलीस की गं तिची."

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला चाचांना शोधत गेले. त्यांचं दुकान आता मुलगा चालवत होता. चाचा बाहेर स्टुलावर बसलेले, हात थरथरणारे. मोबाईलवरचा फोटो त्यांनी डोळ्याला लावून बघितला.

"ये मेरा काम हाय," ते म्हणाले. मग त्या तांबड्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"काय शिकलीस तू?"

"बी.एस्सी., बी.एड."

"म्हणूनच," चाचा म्हणाले. मुलगा आतून हसला. "रविवारी ढोकीत लेकीकडं येणार हाय. तोवर हात नको लावू. हाता-पाया पडतो तुझ्या."

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ते आले. आधी साबणाच्या पाण्यानं गाडी धुवायला लावली, दोनदा. मग हाताला पातळ कॅरीबॅग घालून ओल्या पत्र्यावरून फिरवायला सांगितलं. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून खरखरीत लागलं, वाळू पेरल्यासारखं. ती कारखान्याची काजळी, पत्र्यात रुतलेली. ती काढायला चिकणमातीच्या वडीसारखी एक वडी त्यांनी आणली होती. पाणी मारत ती हळूच फिरवायची, काळी झाली की घडी घालून आतली बाजू काढायची.

"हा जुना रंग हाय बेटा," ते सांगत होते. "नव्या गाड्यांना वर काचेसारखा थर असतो. हिला न्हाय. कापडाला काळं लागलं तर घाबरायचं न्हाय, मेलेला रंग निघतोय. पण तो कोरडा पडलाय. कोरड्याला घासलं तर उडून जातो. आधी त्याला तेलकट पॉलिश पाजायचं. दिवसभर सावलीत ठेवायचं. मग घासायचं. कडेला जोर द्यायचा न्हाय, कडेला रंग पातळच असतो."

असं बोलत ते बॉनेटच्या वरच्या भागाशी आले. तिथं काचेजवळ दोन्ही बाजूंना पिवळट-काळी खपली होती, ताटाएवढी. सगळ्यात घाण जागा म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. चाचांनी कोमट पाण्यात कापड भिजवून त्या खपलीवर दाबून धरलं. ती मऊ झाली. मग त्यांनी पुसली, पुन्हा भिजवली, पुन्हा पुसली.

खाली काळं होतं. राखाडी नव्हतं. घासायच्या आधीच काळं.

चाचा वाकले. "इथला रंग जिता हाय. इथं काय लावत होते?"

आई चहा घेऊन आली होती आणि लांब, भिंतीच्या कोपऱ्याशी थांबली होती. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "लोणी. आणि हळद."

"लोणी?" चाचा हसायला लागले. "हौ रे अल्ला. माणसाला भाकरीवर मिळत न्हाय अन् गाडीला लोणी!" हसून झाल्यावर ते दुसऱ्या बाजूच्या खपलीकडं गेले, तीही पुसली. तिथंही तसंच. "पण बरोबर हाय. ऊन अन् पाणी आत गेलंच न्हाय. सोडलं का मग?"

आईनं चहाचा कप बॉनेटवर ठेवला नाही, चाचांच्या हातात दिला. तिची नजर त्या दोन काळ्या ठिकाणांवर होती.

"आता लोणी नको बरं का बहनजी," चाचा तिला म्हणाले. "मुंग्या येतात, वास येतो. पॉलिशच लावा. पण हात तुमचाच बरा होता."

ते गेल्यावर आम्ही दोघी अंगणात राहिलो. आई पहिल्यांदा गाडीजवळ आली. तिनं दोन बोटं त्या काळ्या जागेवर ठेवली.

"म्हंजी लावत व्हते तवर नीट व्हतं," ती म्हणाली. "म्या सोडलं."

हे असं होणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चाचांनी तिला बरोबर ठरवलं आणि त्याच दमात तिच्या मनातलं ओझं पक्कं केलं. आता मी बोलले नाही तर कधीच बोलणार नव्हते.

"तू सोडलं नाहीस," मी म्हणाले. "मी सोडायला लावलं. सगळ्यांसमोर. आणि आम्हाला तसं काही शिकवलेलं नव्हतं, आई. मी खोटं बोलले होते."

आईनं त्या जागेवरची बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं."

"मग तू गप का बसलीस?"

"तुझे अण्णा किती खूश झाले व्हते तुझं बोलणं ऐकून. सात दिवस स्टँडवर सांगत फिरले. माझी लेक इंग्रजीतनं रंगाचं सांगती म्हणून." तिनं डोळ्याला पदर लावला. "तुझं वय तरी काय व्हतं तवा."

त्यानंतर पोळ्यापर्यंत आमच्या सकाळी त्या गाडीशी गेल्या. शाळेला जायच्या आधी तास-दीड तास. अंगणात सावली नव्हती म्हणून ताडपत्री बांधली. एका वेळेला वीतभर जागा, त्याहून जास्त नाही. तेलकट पॉलिश लावून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मऊ फडक्यानं घासायचं, मेलेला रंग काळा होऊन फडक्यावर यायचा, मग बारीक रबिंग, मग मेण. पहिले आठ दिवस आई उंबऱ्यातून सूचना करत होती. नवव्या दिवशी तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं. "तुझा हात लई घाईचा हाय. सर बाजूला." ती जनावराला खरारा करावा तशी एकाच दिशेनं, अंगाचा भार टाकून घासायची. डावं दार पूर्ण तिनं केलं. माझ्या उजव्या दारापेक्षा ते चांगलं झालं आहे. कोणीही बघून सांगेल.

घासताना ती बोलायची. ह्या दाराची कडी अण्णांनी तीनदा बदलली. इथं एका म्हातारीनं कोंबडी बांधून आणली होती, तिच्या नख्यांच्या ह्या रेघा. श्रावणात रामलिंगाच्या जत्रेच्या गर्दीत एकदा टपावर सुद्धा माणसं बसलेली. मी ऐकत राहायचे. अण्णांबद्दल एवढं ती चार वर्षांत बोलली नव्हती. मला मधूनच स्टँडवरची त्यांची आरोळी ऐकू यायची, "येडशी, धाराशिव, धाराशिव", शेवटचं अक्षर गिळून टाकलेली. ती पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून काय काय दिलं असतं. पत्रा कितीही घासला तरी तो आवाज येणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तरी आम्ही घासत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना मी लोणी आणलं. आईसमोर वाटी ठेवली. "चाचा नको म्हणाले, पण एक दिवस चालतं. मी पुसून घेईन नंतर."

तिनं वाटीत बघितलं. "न्हाय गं," ती म्हणाली. "ते जोडीचं असतंय." मग ते लोणी तिनं माझ्या ताटात भाकरीवर घातलं. "खा. वाळून गेलीस घासून घासून."

मी खाल्लं. ती असं म्हणाली तर गाडीत बसणं दूरच, असं वाटून मी रात्रीच मनाची तयारी केली की भंगारवाल्याला आता थांबवायचं नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, टेम्पो आणि दोरखंड घेऊन. अंगणात शिरून थबकला. टप अजून फिकट पिवळा, मागचा भाग राखाडीच; तिकडं आम्ही पोचलो नव्हतो. पण बॉनेट, दोन्ही दारं आणि पुढचे मडगार्ड काळे कुळकुळीत. उजव्या कडेची तांबडी रेघ तेवढी तशीच, माझ्या हातची.

"मावशी, हीच का ती?"

"हीच," आई म्हणाली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि हातात पिशवी होती. मला वाटलं बाजाराला निघाली. "तुला उगं हेलपाटा पडला बघ. चहा घिऊन जा. आमी जरा गावाला निघालोय."

"कुठं?" हे मीच विचारलं.

"सास्तूरला. तुझ्या मामाला काल फोन केला म्या." मग माझ्याकडं बघून, "चावी कुठं हाय? का तीबी भंगारात दिलीस?"

गाडी भंगारात गेली नाही. आई तिच्यात बसून माहेरी गेली. मी चालवत होते.